समुद्राचं पान

साल्मे रान्नापच्या पुस्तकांतले प्राणी बोलत नाहीत.
टालिनच्या प्रकाशकाने तिला एकदा लिहिलं होतं,
कोल्ह्याला निदान एक कोट तरी घाला, बाई,
पोरांना आवडतं.
तिने पोस्टकार्डावर उत्तर धाडलं:
कोट घातला की तो माझा धाकटा काका होतो.
काकावर पुस्तक काढायची माझी इच्छा नाही.

मी हीउमा बेटावरच्या वाचनालयात
फाटकी पुस्तकं दुरुस्त करते.
खळ, मेणाचा दोरा, जुन्या पडद्याच्या पट्ट्या.
माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त तिचीच येतात,
आणि काय काय सोसून येतात!
ससा बेरीच्या मुरंब्यात पाय अडकून.
घुबडाचं पान घडी घालून, वर दोऱ्याने बांधलेलं
(कुणाला तरी रात्रीची झोप हवी होती).
गाईच्या पुस्तकाचा कोपरा चावलेला,
सोबत चिठ्ठी:
दंड भरायला तयार आहोत.
गाय आमचीच.

पण सीलचं पुस्तक निराळं.

पहिल्या पानावर सील खडकावर.
दुसऱ्यावर पोट खाजवतोय.
तिसऱ्यावर घसरतोय, अर्धा पाण्यात,
आणि चौथ्यावर नुसता समुद्र.
दोन पानं भरून राखाडी पाणी,
वर बोटभर आभाळ. शब्द नाही, सील नाही.
पाचव्यावर तो येतो परत, मिशा गाळत.
पण पाचव्यापर्यंत जायची घाई कोणालाच नसते.

चौथ्यावर पोरं थबकतात.
कुठंय?
आणि बोट टेकतं: इथे.
छट्, तिथे नाही, इथे!
लोण्याचं बोट, धुरावलेल्या माशाचं बोट,
ओल्या हातमोज्यातून नुकतं निघालेलं,
शिसपेन चाखून काळं झालेलं बोट.
कसं कोण जाणे, सगळी त्याच एका जागी,
उजवीकडे, जिथे लाट जराशी दचकल्यासारखी वळते.
अडतीस वर्षं.
आता तिथे एक डाग आहे.
वर गोल, खाली रुंद होत गेलेला,
आणि नाक असावं तिथे कागद झिजून पातळ.

साल्मे आली ती शरदात, काठी टेकत,
एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं.
पुस्तक तिने नाकाला लागेल इतकं जवळ धरलं.
हे मी काढलेलं नाही, म्हणाली.
मी म्हटलं, नाही, पोरांनी.
घालवू का? रबर आहे, शिळ्या पावाचा गर आहे,
हलक्या हाताने निघेल बरंचसं.

ती काही बोलली नाही.
बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली,
सायकल पडली, पुन्हा टेकवली.
मग ती म्हणाली,
मान जाड आहे. नर असणार.
आणि टोपी शोधायला लागली, जी तिच्या डोक्यावरच होती.

यंदा नवी आवृत्ती आली.
गुळगुळीत कागद, पक्की शिवण,
मला दहा वर्षं तरी काम नाही.
पहिला वाचक उकु, पाच वर्षांचा,
बाप फेरीबोटीवर, म्हणून शाळा सुटली की इथेच.
चौथं पान उलटलं. बोट ठेवलं.
उचललं. खाली पाहिलं.
मग माझ्याकडे, तक्रार नोंदवायला आल्यासारखा:
ह्यातला अजून आलेला नाही.

जुनी प्रत माझ्या खणात होती, हाताशीच.
ती काढणार होते मी.
पण एवढ्यात त्याने बोट चाटलं,
नेमकं लाटेच्या वळणावर रोवलं,
आणि वाकून, पाण्याला ऐकू जाईल इतक्या हळू,
काहीतरी सांगितलं. मला नाही ऐकू आलं.

नवी पुस्तकं मी रोज संध्याकाळी
कोरड्या फडक्याने पुसून ठेवते.
ते एक राहू दिलं.